सातवा खांब

आई जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबते,
अजूनही.
हात कोटाच्या खिशात जातो हजेरीचं कार्ड शोधत
आणि रिकामा बाहेर येतो.
मग वर येते, बीटच्या सूपचं पातेलं टॉवेलात गुंडाळून,
आणि दारापासून खांब मोजायला लागते.
सातवा. इथे होतं माझं यंत्र.
तिथे आता माझा पलंग आहे.

वुच शहरातली ही सूतगिरणी
बंद पडली तेव्हा मी तिसरीत होते.
बिल्डरने विटा घासून पुन्हा लाल केल्या,
बिडाच्या खांबांना काळा रंग दिला,
जाहिरातीत लिहिलं: इतिहासात राहा.
पंचवीस वर्षांचं कर्ज काढून
मी आईच्या पाळीत राहायला आले.

काम टोरांटोच्या एका विमा कंपनीचं.
कुणाची बॅग हरवली, कुणाचं विमान चुकलं,
कोण किती भरपाई मागतो.
त्यांची सकाळ माझ्या दुपारी तीनला उगवते
आणि माझ्या रात्रीत लवकर मावळत नाही.
करारात लिहिलंय: वेळ लवचिक.
लवचिक म्हणजे काय ते आईला विचारावं.
ताणलेला धागा आता तुटणार
हे तिच्या बोटांना आधी कळायचं.

सुरुवातीला कामाचं टेबल वेगळं होतं, खिडकीशी.
मग लॅपटॉप ओट्यावर आला, बटाटे उकडेपर्यंत.
मग तापात पलंगावर.
ताप गेला. लॅपटॉप राहिला.
नावापुढचा हिरवा ठिपका विझू नये म्हणून
केस धुता धुता ओल्या बोटाने
माउस हलवून आलेय मी एकदा.
एकदाच, असं सांगते.

आमचा भोंगा दोनला व्हायचा, आई म्हणते.
यंत्र पुढच्या पाळीच्या हाती द्यायचं आणि निघायचं.
फाटकाबाहेर मुकादम कुबियाकसुद्धा
पावाच्या रांगेत मागे उभा असलेला नुसता शेजारी.
सुख होतं असं नाही. डावा कान तिथेच राहिला तिचा,
कापसाची धूळ छातीत अजून खरखरते.
पण फाटक होतं. लोखंडी.
बंद झालेलं ऐकू यायचं,
मलासुद्धा.

मंगळवारी संध्याकाळी मीटिंग चालू होती.
नऊ चौकोन, आठांचे आवाज बंद,
एकटा ड्वेन तिमाहीचे आकडे वाचत होता.
आई मागे उभी राहून टॉवेलांच्या घड्या घालत होती.
गिरणीच्या गदारोळात बायका एकमेकींचे ओठ वाचायच्या;
तीस वर्षं उलटली, डोळे विसरलेले नाहीत.
तो कोपऱ्यातला चष्मेवाला, ती म्हणाली, पोलिशच ना?
हो, व्रोत्सवाफचा. रादेक.
तो तुमच्या साहेबाशी बोलत नाहीये.
खाली बघून म्हणतोय, आलोच राजा, पाच मिनिटं.
मघापासून तिसऱ्यांदा.

रादेकला मी चार वर्षं ओळखते.
त्याला मूल आहे हे मला माहीत नव्हतं.

माझ्या कोपराशी तिमॉन उभा होता,
एकाच पायात मोजा, हातात चाक निखळलेली ट्राम.
नजर न काढता मी त्याला काहीतरी म्हणाले.
काय, ते आठवत नाही.
आईने घडी अर्धी सोडली.
तिला माझे ओठ दिसत होते,
पडद्यावरच्या माझ्या चौकोनात.

बोलली नाही काही.
ट्राम घेतली, चाक दाबून बसवलं,
पोराला दुसरा मोजा, कोट, टोपी.
दाराशी जाऊन वळली,
चौऱ्याहत्तर वर्षांच्या छातीत मावली तेवढी हवा भरली
आणि भोंगा वाजवला.
तोंडाने. लांबलचक, शेवटी खोकल्यात बुडालेला.

तिमॉन हसत सुटला.
नऊ चौकोनांत कुणाची मान हलली नाही;
माझा आवाज बंद होता.

पावलं जिना उतरत गेली, एक जड, एक उड्या मारणारं.
मी खुर्चीतून अर्धी उठले होते.
ड्वेनने माझं नाव घेतलं.

खालचं फाटक आता काचेचं आहे.
बंद झालं की नाही,
वर कळत नाही.